जोरात नव्हती, भर्रकन वळली

मीनल, जावईबापू, सोसायटीतली सगळी मंडळी आणि शिवाजीनगरहून कोर्टाचं काम टाकून आलेले माझे वकील मित्रहो,

आपण एवढ्या संख्येने आलात. बरं वाटलं. शोकसभेत बोलायला उभं राहिलं की कंठ दाटून येतो म्हणतात. माझाही आलाय. पण खोटं कशाला बोलू, त्यातला निम्मा राग आहे.

मीनलने मला फोन केला. म्हणाली, "काका, तुम्ही आईबरोबर एकोणीस वर्षं काम केलंत. चार शब्द चांगले बोला." चार शब्द! अगं, तुझ्या आईपायी मला एकेका शब्दासाठी चार-चार दिवस थांबावं लागलंय.

आता हेच बघा. बाहेर फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलंय, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' ज्यांनी कोणी लिहिलं असेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण प्रभाताई चौदा महिने आजारी होत्या. चौदा महिने! याला अल्पसा म्हणायचं? ताईंनी तो फळा पाहिला असता तर आधी खडू मागितला असता आणि मग पाणी.

ज्यांना ताई फक्त 'बी विंगमधल्या लिमये आजी' म्हणून माहीत आहेत त्यांच्यासाठी सांगतो. प्रभाताई कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करायच्या. पुण्यातलं काम मराठीत चालतं. प्रकरण वर मुंबईला, हायकोर्टात गेलं की साक्षी, जबाब, पंचनामे, सगळं इंग्रजीत करून द्यावं लागतं. माझ्याकडे अपघातांची प्रकरणं जास्त. त्यामुळे माझ्या प्रत्येक फाइलमध्ये एकच गोष्ट असते. कोण किती वेगात होतं.

आणि ताईंचं सगळं डोकं तिथेच अडायचं.

पोलिसांच्या कागदात एक ठरलेलं वाक्य असतं. 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून.' कुठलीही गाडी असो, कुठलाही रस्ता असो, वाक्य तेच. ताई चिडायच्या. एकदा मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, हा अपघात हडपसरच्या चौकात, संध्याकाळी साडेसहाला झालाय. अहो, त्या वेळेला त्या चौकात कोणी भरधाव जाऊन दाखवावं. मी तुमची पुढची दहा कामं फुकट करते."

मी म्हणालो, "ताई, पोलिसांनी लिहिलंय, तुम्ही फक्त इंग्रजी करा."

"करते की. पण कागद खोटं बोलतोय हे मला कळलंय, एवढं तुम्हाला कळू द्या."

ही त्यांची तऱ्हा. मी कोर्टात उभा असायचो, आतून पुकारा व्हायचा आणि खिशातला फोन थरथरायचा. प्रभाताई. एकदा काय, तर 'लगबगीने'. घरगुती भांडणाचं प्रकरण होतं. शेजारणीने साक्षीत सांगितलं होतं की सून लगबगीने घराबाहेर पडली. ताईंचा प्रश्न, सून घाबरून निघाली होती की आनंदाने? मी म्हटलं, "ताई, घाईघाईने निघाली. हरीडली लिहा." झालं! पंधरा मिनिटं तास घेतला माझा. म्हणे, हरीडलीमध्ये काळजी असते. ब्रिस्कलीमध्ये हुरूप असतो. हेस्टिलीमध्ये चूक लपलेली असते. आणि लगबगीत आपल्याकडे माया असते, माणूस पाहुणे आल्यावर लगबग करतो. "ती माहेरी निघाली होती का हो?"

निघाली होती. माहेरीच निघाली होती. मी फाइल नीट वाचलीच नव्हती.

मला सांगा, राग येणार नाही तर काय होईल? चूक आपली असते तेव्हा तर जास्तच येतो.

फास्ट आणि क्विक यांतला फरक त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितला असेल. फास्ट म्हणजे किती जोरात चाललंय, क्विक म्हणजे किती कमी वेळात उरकलं. "गाडी फास्ट असते, वकीलसाहेब, आणि उत्तर क्विक असतं. तुमचं दोन्ही नसतं." हे माझ्या ज्युनिअरसमोर! हसू नका. तो ज्युनिअर आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि तेव्हाही असाच हसला होता.

पण आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही. ज्याची आहे तो इथे, मागच्या रांगेत बसला आहे. अंकुश. लोणी काळभोरहून आलाय. वकिलाने अशिलाची गोष्ट अशी चारचौघांत सांगायची नसते, मला ठाऊक आहे. सकाळी त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, "साहेब, माजी गोष्ट सांगा. नाव घिऊन सांगा." म्हणून सांगतोय.

अंकुश तेव्हा भाजीचा टेम्पो चालवायचा. लोणीजवळ सोलापूर रस्त्याला एक अपघात झाला. शिवरामआबा म्हणून साठीतले गृहस्थ सायकलवरून डाव्या कडेने चालले होते. अंकुशचा टेम्पो वळला, सायकलला धक्का बसला आणि आबा जागेवरच गेले. पोलिसांनी लिहिलं, भरधाव वेगाने. दुसरं काय लिहिणार?

पाहणारी एकच होती. हौसाबाई. रस्त्याच्या कडेला पेरू विकायची. कोर्टात तिला विचारलं, गाडी कशी आली? तिने जे सांगितलं ते न्यायाधीशांनी तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. "गाडी जोरात न्हवती. पन भर्रकन वळली."

बस. एवढीच साक्ष. पण पोलिसांच्या त्या भरधावला वजन जास्त पडलं. पुण्यात खालच्या आणि अपिलाच्या, दोन्ही कोर्टांत अंकुशला शिक्षा झाली. एक वर्ष. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. प्रकरण हायकोर्टात न्यायचं ठरलं, अंकुश जामिनावर बाहेर आला आणि हौसाबाईची साक्ष इंग्रजीत करायला प्रभाताईंकडे गेली.

मी फाइलबरोबर निरोप दिला होता. स्पष्ट दिला होता. 'जोरात नव्हती' हे माझं हत्यार आहे, त्याचं स्लोली करा. टेम्पो सावकाश होता. आणि भर्रकन काय ते जरा सौम्य करून टाका. क्विकली म्हणा. क्विकली वळण्यात काय गुन्हा आहे?

चौथ्या दिवशी फोन. "वकीलसाहेब, स्लोली होणार नाही."

"का?"

"जोरात नव्हती म्हणजे सावकाश होती असं नाही. मध्ये बरीच जागा आहे. आपण सगळे त्या मधल्या जागेतच गाडी चालवतो."

"आणि भर्रकन?"

"त्याचा विचार चाललाय."

विचार! तारीख तोंडावर आलेली आणि यांचा विचार चाललाय. आठवडा गेला. मी फोन केला. म्हणाल्या, क्विकली होत नाही, क्विकलीने चालक हुशार वाटतो. मी म्हटलं, सडनली लिहा. म्हणाल्या, "सडनली म्हणजे बघणाऱ्याला कल्पना नव्हती. ते हौसाबाईचं झालं. भर्रकन हे वळणाऱ्याचं आहे." मी म्हटलं, ताई, दोन्हींत काय फरक पडतो? त्या म्हणाल्या, "त्याच्या बाजूने सगळा फरक पडतो. तुम्ही त्याचे वकील ना?"

मी ओरडलो. या सभेत कबूल करतो, मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, "ताई, तुमच्या एका शब्दापायी माणूस आत जाईल. कळतंय का तुम्हाला?"

 त्या म्हणाल्या, "कळतंय. म्हणूनच झोप येत नाहीये." आणि फोन ठेवला.

मग मी काय केलं? जे कोणीही केलं असतं तेच. कोर्टाजवळ एक जण टायपिंगचं दुकान चालवतो, त्याच्याकडे ते पान दिलं. संध्याकाळी इंग्रजी हातात. टेम्पो स्लोली चालला होता आणि डावीकडे वळला. भर्रकन गायब! मला जसं हवं तसं. मी ते पान बॅगेत ठेवलं आणि ठरवलं, प्रभाताई संपल्या. पुन्हा यांचं तोंड बघायचं नाही.

दोन दिवसांनी माझ्या ऑफिसात कोण हजर? ताई. गुडघे दुखत असताना हडपसरहून बसने, आणि वर दोन मजले चढून. लिफ्ट बंद होती, ती अजूनही बंदच आहे. योगायोगाने अंकुश समोर बसला होता, सह्या करायला आला होता.

मी पाणी दिलं. म्हटलं, फोन करायचा, माणूस पाठवला असता.

म्हणाल्या, "काल लोणी काळभोरला गेले होते."

 "हौसाबाईला भेटलात? ताई, साक्षीदाराला असं भेटतात का?"

"साक्षीदाराला नाही भेटले. मला कळतं तेवढं. बाजारात बसले दिवसभर. बायका कशाला भर्रकन म्हणतात ते ऐकत होते."

दिवसभर! पंच्याहत्तरीची बाई, उन्हात, बाजारात, एका शब्दासाठी. आणि काय ऐकून आल्या? म्हणे एक बाई म्हणाली, चिमणी भर्रकन उडाली. दुसरी म्हणाली, कार्टं भर्रकन उठून गेलं. "त्यांच्या भर्रकनमध्ये वेग नाहीच, वकीलसाहेब. आधी स्थिर असतं आणि पुढच्या क्षणी नसतं. मधला इशारा नसतो. अ‍ॅब्रप्टली. हाच शब्द आहे."

मी बॅगेतून दुसरं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. रागात ठेवलं. म्हटलं, "हे बघा, हे एका संध्याकाळी झालं."

त्यांनी चष्मा लावला. पूर्ण वाचलं. पान परत दिलं आणि म्हणाल्या, "टायपिंग स्वच्छ आहे."

बास. एवढंच. मला वाटलं उठून जातील. पण त्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हौसाबाईला इंग्रजी येत नाही. तिच्या नावावर मुंबईत काय वाचलं जातंय ते तिला कधीच कळणार नाही. त्यामुळे आपल्याला जास्त सांभाळून राहायला लागतं." आपल्याला म्हणाल्या. मला नाही, तुम्हाला नाही. आपल्याला.

तेवढ्यात अंकुशने विचारलं, "बाई, तुमच्या कागदात काय लिवलंय?"

मी म्हटलं, अंकुश, तू सही कर आणि निघ. पण ताईंना प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालंय? त्यांनी आपला कागद घेतला आणि ते इंग्रजी पुन्हा मराठीत करून त्याला वाचून दाखवलं. "गाडी जोरात जात नव्हती. ती कुठलाही इशारा न देता एकदम वळली."

अंकुश खाली बघत होता. म्हणाला, "व्हय. असंच झालतं. डाव्या अंगाला पंक्चरचं दुकान दिसलं आन् मी घातली गाडी. आरशात बगितलंच न्हाई."

मित्रहो, दोन वर्षं तो माझा अशील होता. दोन वर्षांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. का? कारण मी विचारलंच नव्हतं. वकील असे प्रश्न विचारत नसतात. मी त्याला तू भरधाव नव्हतास हे इतक्या वेळा सांगितलं होतं की बिचाऱ्याला वाटायचं, खरं सांगायला जागाच नाही. एक बाजू म्हणते तू वाऱ्यासारखा आलास, दुसरी म्हणते तू मुंगीसारखा चालला होतास. आणि तो रोज त्या आरशाचा विचार करत होता, ज्यात त्याने बघितलं नव्हतं.

तो मला म्हणाला, "साहेब, बाईंचाच कागद द्या."

मी समजावलं. ताईंसमोर समजावलं. अरे, तुझं नुकसान आहे. तो ऐकेना. ताई आपला चष्मा पुसत होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आता तरी बोला! त्याला सांगा काहीतरी!" त्या म्हणाल्या, "मी भाषांतरकार आहे. सल्ला तुम्ही द्यायचा."

असा संताप आला होता म्हणून सांगू.

त्यांचाच कागद दिला. आणि मी हरलो. इथे कोणाला वाटत असेल की सत्याचा विजय झाला आणि अंकुश सुटला, तर नाही. सुटला नाही. न्यायमूर्तींनी भरधाव काढून टाकलं, गाडी वेगात नव्हती हे मान्य केलं. पण न बघता, न सांगता वळणं हीच हयगय, असं म्हटलं. शिक्षा कायम. फक्त वर्षाचे तीन महिने केले. त्या पोराने येरवड्यात तीन महिने काढले. तेवढ्यात त्याला मुलगी झाली, ती त्याने आठ आठवड्यांनी पाहिली. हे ताईंच्या शब्दाचं फळ आहे. दुकानातल्या त्या स्वच्छ टायपिंगने तो कदाचित सुटला असता. कदाचित. मी अजूनही त्याचा हिशोब लावू शकत नाही आणि मला त्याचा त्रास होतो.

पण पुढचं ऐका. बाहेर आल्यावर अंकुश शिवरामआबांच्या घरी गेला. एकटा जायला धीर होईना म्हणून मला घेऊन गेला. आबांची बायको, यमुनाबाई, ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. अंकुश उभ्यानेच बोलला. म्हणाला, "आजी, मी जोरात न्हवतो. पन मी बगितलं न्हाई. एकदम वळलो. माजी चूक हाय."

 त्यांनी एकच विचारलं. "म्हंजी त्येंला कळलंच न्हाई?"

अंकुश म्हणाला, "न्हाई आजी. त्येंला काय कळायच्या आतच..."

तांदळाचं ताट बाजूला ठेवून ती बाई रडायला लागली. म्हणाली, तीन वर्षं झाली, समदे सांगत्यात, टेम्पो भरधाव आला. मला रोज डोळ्यापुढं दिसायचं. लांबून येतोय, आवाज वाढतोय, त्ये मागं वळून बगत्यात, भ्यात्यात, सायकल आवरत न्हाई. रोज दिसायचं.

कोणाला हे सुचलं होतं? पोलिसांना? मला? तीन वर्षं एक बाई आमच्या एका ठरलेल्या वाक्यात नवऱ्याला रोज घाबरलेला बघत होती. आम्हाला वाटत होतं, भरधाव हा फक्त कलमासाठी घालायचा शब्द आहे.

मी त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. सगळं सांगितलं.   त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही बरोबर गेलात. ठेवते, कुकर लावलाय." ही दाद! मी डोळे पुसत बसलो होतो आणि यांचा कुकर.

त्यानंतर त्यांचं तोंड बघायचं नाही हा माझा निश्चय बारगळला. सगळं काम त्यांच्याकडेच जायचं. भांडणंही तशीच चालायची. उलट वाढली.

आता शेवटचं. हे सांगायला मला जड जातंय. मागच्या महिन्यात मी एक फाइल मीनलच्या हाती पाठवली होती. ताई अंथरुणाला खिळलेल्या, तरी काम मागत होत्या. वर मी नेहमीसारखं लाल शाईने 'अर्जंट' लिहिलं. त्यात एका मजुराचं पत्र होतं, मालकाने 'तातडीने' खोली रिकामी करायला सांगितली म्हणून. परवा मीनलने फाइल परत दिली. भाषांतर जवळजवळ पूर्ण आहे. फक्त त्या तातडीनेच्या जागी रिकामी रेघ आहे आणि समासात थरथरत्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'किती तातडीने? त्याच दिवशी की आठवड्यात? विचारून घ्या. फोन करा.'

त्यांनी स्वतः तीन वेळा फोन केला होता. माझ्या मोबाइलवर तिन्ही मिस्ड कॉल आहेत. मी कोर्टात होतो. मग गाडी चालवत होतो. मग म्हटलं, रविवारी निवांत बोलू, यांचा फोन काही दोन मिनिटांत संपत नाही.

मी फोन केला नाही.

त्या मजुराला मी काल विचारलं. मालकाने त्याला दुपारी चार वाजता सांगितलं होतं, सहाच्या आत सामान बाहेर काढ. दोन तास. मी कधी विचारलंच नसतं. आणि ताई, तुमच्याशिवाय हे मला आता कोण विचारणार आहे?

त्या रिकाम्या रेघेवर शब्द मीच लिहिला. पेनाने. बरोबर आहे की नाही, माहीत नाही.

मीनल, तुझी आई फार त्रासदायक बाई होती. या एकोणीस वर्षांत मी ज्या दोनचार गोष्टी नीट केल्या, त्या त्यांच्या त्रासामुळे केल्या. प्रभाताई, तुम्हाला माझा साष्टांग नमस्कार. भांडण राहिलंय, ते राहू दे.

आता आपण उभं राहू या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला सांगितलंय, दोन मिनिटं स्तब्धता पाळायची. अशा सभांना मी पुष्कळ गेलो आहे. आपण दोन मिनिटं म्हणतो आणि चाळीस सेकंदांत कोणीतरी खाकरतं, की लगेच बसतो. आज तसं नको. मीनल, घड्याळ तुझ्या हातात घे. पूर्ण दोन मिनिटं झाली की तू सांग. तोवर कोणी खुर्चीला हात लावायचा नाही.

उभे राहा मंडळी. सावकाश.